दोन माणसांची होडी

सुरतेत कापड विणणारे, कापड रंगवणारे, कापड विकणारे आणि त्याच कापडाच्या घड्या घालता घालता म्हातारे झालेले लोक गल्लोगल्ली सापडतील. पण वर्षभर लूमच्या घरघराटात काढून श्रावण आला रे आला की डांगच्या जंगलातल्या एका खोल घळीत जाऊन, फेसाळलेल्या पाण्यात, लाल रंगाच्या लांबोडक्या होडीत बसून स्वतःला आपण होऊन लोटून देणारा मनुष्य या अख्ख्या शहरात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे एकाच सासऱ्याकडून दोनदा झालेली चूक. त्यातली पहिली चूक ते आणि दुसरी मी. पहिल्या चुकीचा मान मोठा म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, माझी बायको दाजी म्हणते, आणि सोसायटीतले लोक पाठीमागे काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साडूभाऊ बमरोलीच्या एका खात्यात फोरमन होते. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा कारखाना. तिथं आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा कान जातात आणि मग हळूहळू माणूस जातो. साडूभाऊंचे कान तर विशीतच गेले. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. चमचा पडला, दारावरची कडी वाजली, कोणी हळूच टोमणा मारला, सगळं फुकट. त्या घरघराटामुळे खात्यातली माणसं तोंडानं बोलतच नाहीत, हातानं बोलतात. दोन बोटांची कात्री केली की सुताची तार तुटली. कानाची पाळी धरली की शेठ आला. मूठ हवेत दोनदा फिरवली की मशीन बंद कर. बाहेरच्या माणसाला वाटावं, ही मंडळी डास मारताहेत. आमच्या अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्न होऊन धुळ्याकडून इकडे आल्या तेव्हा त्याच खात्यात बॉबिन भरायला जायच्या. त्यामुळे या जोडप्याचा नवलाईचा सगळा काळ हातवाऱ्यांत गेला. लाडीगोडी हातानं, रुसवा हातानं, भांडण तर दोन्ही हातांनी. पुढे अक्कांनी खातं सोडलं, पण सवय कुठली सुटते! घरात पाहुणे बसलेले असताना हे दोघं एकमेकांशी पाहुण्यांबद्दलच बोलायचे आणि पाहुणा बिचारा चहा पीत बसायचा. माझी बायको म्हणायची, "ताई अन् दाजी भांडताहेत का कणीक मळताहेत, मला मेलीला आजवर कळलं नाही."

मग त्यांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला, तिथंच त्याचं लग्न झालं, नातू झाला, आणि अक्का तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या. सूनबाई नोकरीची, बाळ तान्हं, दुसरा इलाज नव्हता. जाताना अक्कांनी साडूभाऊंना मसाल्याचे डबे दाखवले, गॅस कसा बंद करायचा ते दाखवलं आणि बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, कुठे ठेवलेत ते सांगितलं. तो नातू आता पहिलीत आहे. बिबडे त्याच वर्षी संपले. बायको जिवंत, ठणठणीत, रोज फोनवर, आणि तरी माणूस विधुरासारखा राहायचा, असा तो संसार. पुण्याहून मुलगा सारखा म्हणायचा, बाबा तुम्हीच इकडे या, अक्काही म्हणायच्या. साडूभाऊ म्हणायचे, "चौदाव्या मजल्यावर मी काय कबुतर आहे का?"

बरं, फोनवर बोलावं तर तिथंही पंचाईत. साध्या फोनवर साडूभाऊ इतक्या जोरात ओरडायचे की पुण्याला फोन लावायची गरजच नव्हती, असं त्यांच्या सोसायटीखालचा पानवाला म्हणायचा. व्हिडिओ कॉल लावून दिला तर अक्कांच्या एका हातात फोन. मग राहिला एकच हात, आणि एका हातानं अर्धंच बोलता येतं. अक्का फोन साखरेच्या डब्याला टेकवून दोन्ही हात मोकळे करायच्या की तेवढ्यात नातू येऊन फोन पळवायचा आणि साडूभाऊंना पुढची पाच मिनिटं पुण्याचं छत दिसत राहायचं. तरी ते छताकडे बघून हातवारे करत राहत. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, अक्का नाहीत तिथं." तर म्हणाले, "येईल ना. पोराच्या मागं पळत असेल. बोलून ठेवलेलं बरं."

घरातली शांतता हा त्यांचा खरा वैरी. साध्या माणसाला आवाजानं झोप लागत नाही, यांना आवाज नसला की घास उतरत नाही. जेवायला बसले की शेजारी रिकामा मिक्सर लावून ठेवायचे. भांड्यात काही नाही, नुसता घर्रर्र. शेजारच्या बेन एकदा कंटाळून दारात आल्या आणि म्हणाल्या, "काका, रोज रोज शुं पीसो छो?" रोज रोज काय दळता? साडूभाऊ म्हणाले, "कंटाळो, बेन." बेन हसत हसत गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळेला त्यांच्याकडून ढोकळ्याची बशी यायला लागली. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. घर गप्प असलं की त्यांना वाटतं खातं बंद पडलं आणि सगळे कामगार गावाला निघून गेले, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

आता या माणसाच्या आयुष्यात होडी कशी आली ते सांगतो. खात्याच्या शेठला एका पावसाळ्यात उदारपणाची उबळ आली आणि त्यानं सगळ्या माणसांना बस करून डांगला सहलीला नेलं. तिथं नदीकाठी एक साहसी खेळांचं शिबिर होतं. तरणी पोरं काठावर उभी राहून फोटो काढत होती. साडूभाऊ, वय वर्षं पन्नासच्या पुढे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ होडीत जाऊन बसले. शिकवणारा प्रशिक्षक त्यांच्यामागे बसला. पहिल्याच उतारावर दोघंही पाण्यात. लोकांनी दोरी टाकून बाहेर काढलं, नाकातोंडात पाणी, एक चप्पल नदीला अर्पण. शेठ घाबरून धावत आला. तर हा गृहस्थ दगडावर बसून हसतोय, आणि अहिराणीत ओरडतोय, "आरे, हाई ते आपलं खातंच शे!" हे तर आपलं खातंच आहे! त्या घळीत पाणी दोन्ही कड्यांच्या मधे असं गर्जत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि घर ओस पडल्यापासून पहिल्यांदा साडूभाऊंना आपण माणसांत आल्यासारखं वाटलं.

पुढचे कित्येक रविवार त्या प्रशिक्षकाकडून तापीच्या संथ पाण्यात ते होडी वल्हवायला शिकले. पालथी झालेली होडी कमरेच्या एका झटक्यात सुलटी कशी करायची, हे शिकताना त्यांनी तापीचं जेवढं पाणी प्यायलं तेवढं महापालिकेनंही दिलं नसेल. पुढे ते शिबिर बंद पडलं आणि सामान विकायला निघालं तेव्हा यांनी एक लाल प्लास्टिकची होडी उचलली. कयाक म्हणतात तिला, पण आमच्या घरात ती होडीच. एकट्यासाठी छोट्या सुटसुटीत होड्याही होत्या तिथं. यांनी निवडली दोन माणसांची. एक जागा पुढे, एक मागे. माझ्या बायकोनं विचारलं, "दाजी, एकट्याला दोन जागा कशाला?" तर म्हणाले, "पुढं ती बसेल ना." ती म्हणजे अक्का. त्यांच्या डोक्यात एवढं एकच होतं, एकदा, फक्त एकदा, भरल्या पाण्यात अक्कांना पुढच्या जागेवर बसवून ती घळ पार करायची. त्यापायी दर वर्षी पुण्याला जायचं ते पुढे ढकलत होते.

होडी ठेवायला त्यांच्याकडे गच्ची नाही म्हणून ती आमच्या उधन्याच्या गच्चीवर आली. उन्हाळ्यात तिच्यावर शेजारणींनी बिबडे वाळत घातले, संक्रांतीला पोरांनी तिच्यात बसून पतंग उडवले, आणि एका मांजरीनं पुढच्या जागेवर पिल्लं घातली तेव्हा साडूभाऊ रोज संध्याकाळी दूध घेऊन यायचे, पण मांजरीला समजावून सांगायचे की ही जागा दिलेली आहे.

नदी म्हणाल तर अगदी आखूड. जुन्या पुलापासून खालच्या फरशी पुलापर्यंतच काय ती खेळायची. पण तेवढ्यात सागाचं दाट रान दोन्ही अंगांनी असं पुढे येतं, बांबूची बेटं अशी वाकतात आणि काळे कडे असे चिकटतात की वर आभाळाची एक पट्टी तेवढी राहते. त्यात पाणी उड्या मारत, फिरक्या घेत, दगडांना शिव्या देत जातं. एकेका उताराला साडूभाऊंनी नावं ठेवली होती. पहिला मुकादम, नुसता आरडाओरडा, इजा काही नाही. दुसरा शेठ, लांबून गुळगुळीत, गोड दिसतो आणि जवळ गेलं की बरोबर कापतो. तिसरा, शेवटचा आणि सगळ्यांत भयंकर उतार म्हणजे सासूबाई. तिथं पाणी सरळ खाली न पडता वळून येतं, माणसाला धरून ठेवतं, घुसळतं आणि मनात येईल तेव्हा सोडतं. त्यांची सासू तीच माझी सासू, म्हणून या नावावर मी काही बोलत नाही. मात्र ज्यानं ठेवलं त्याला अनुभव होता एवढं नक्की.

एकट्यानं दोन माणसांची होडी हाकायची तर पुढं वजन हवं, नाहीतर तिचं नाक वर उठतं. म्हणून साडूभाऊ पुढच्या जागेवर रेतीचं पोतं बांधायचे. पण तिथंही त्यांना सराव हवा होता तो अक्कांचा. म्हणून एकदा फोन लावून ओरडून विचारलं, "तुझं वजन किती झालं गं आता?" तिकडे सूनबाईंचे आई-वडील आलेले. अक्कांनी फोन ठेवला तो आठवडाभर उचलला नाही. मग माझ्या बायकोनं मध्यस्थी केली, कारण सांगितलं, तेव्हा अक्का आधी खूप हसल्या. शेवटी म्हणाल्या, "दोन घमेली रेती वाढवा म्हणावं. नातवाचं उष्टं खाऊन खाऊन जाड झालेय."

असं असून अक्का येत का नव्हत्या? अहो, येत होत्या की! दर वर्षी येत होत्या. दिवाळीला आणि मे महिन्यात. कारण शाळेला सुट्टी तेव्हाच. आणि नदीला पाणी श्रावणात. दिवाळीपर्यंत ती आटून टाचेएवढी होते आणि मे महिन्यात तर तिच्या पात्रात म्हशीसुद्धा उभ्या राहत नाहीत. श्रावणात या म्हटलं तर नातवाची परीक्षा, नातवाला ताप, सूनबाईला रजा नाही. एका वर्षी सगळं जमलं, तिकीटसुद्धा काढलं, तर ऐन वेळेला पाळणाघर बंद. साडूभाऊ अक्कांवर कधी रागावले नाहीत. शाळेवर मात्र भयंकर रागावायचे. म्हणायचे, "श्रावणात सुट्टी द्यायला काय जातं यांचं? पोरांना काय, कधीपण सुट्टी चालते. पानी कोनी वाट दखत नही." पाणी कोणाची वाट बघत नाही, हे खरं, पण साडूभाऊ सगळ्यांची वाट बघायचे.

गेल्या श्रावणात अक्कांचं पुन्हा रद्द झालं तेव्हा ते माझ्या दुकानात आले. माझं उधन्यात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. काउंटरवर कोपर टेकून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, या वर्षी तुम्ही बसा पुढं." दुकानातली तिन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही." ते म्हणाले, "पोतं पोहायला जातं का?" घरी सांगितलं तर बायको कडाडली, "तुम्हाला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" आणि मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता म्हणाली, "जा एकदा. कोणीतरी बसायला पाहिजे हो त्यांच्या पुढं."

रविवारी सकाळी माझ्या जुन्या व्हॅनच्या टपावर होडी बांधून आम्ही निघालो. बारडोली, व्यारा मागे टाकलं, सागाचं रान सुरू झालं आणि साडूभाऊ बोलायचे थांबले. पुलाखाली त्यांनी मला हेल्मेट घातलं, हजिऱ्याला बंदरावर कामाला असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलेलं नारिंगी जॅकेट घातलं, पट्टे इतके आवळले की मला माझ्या मुंजीची आठवण झाली. काठावर म्हशी चारणारी एक बाई उभी होती. ती म्हणाली, "पडायलाच जायचं तर इतक्या लांबून कशाला येता?" तिचं बरोबर होतं, पण तोवर साडूभाऊंनी होडी लोटली होती.

मुकादम ओरडला आणि आम्ही निघून गेलो. शेठनं कापलं, पण थोडक्यात. मला वाटायला लागलं, आपल्याला जमतंय की! आणि मग सासूबाईंचा आवाज आला. अहो, आवाज कसला, शंभर लूम एकदम सुरू झाल्यासारखे कान बंद झाले. समोर पाणी दोन्हीकडे फाटलेलं. डावीकडे वळायचं की उजवीकडे? मी वाट बघतोय साडूभाऊंच्या हुकमाची. हुकूम काही येईना. मी आपला देवाचं नाव घेऊन उजवीकडे वल्हं मारलं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझे पाय वर होते. सासूबाईंनी मला धरलं, घुसळलं, जावई म्हणून सगळा पाहुणचार केला आणि खालच्या डोहात आणून सोडलं. साडूभाऊंनी कॉलर धरून मला दगडावर ओढलं. होडी पुढे जाऊन बांबूत अडकलेली.

श्वास आल्यावर मी ओरडलो, "डावीकडे की उजवीकडे, सांगायचं नाही होय?"

"सांगितलं की! डावीकडे, डावीकडे, दहादा सांगितलं!"

"कधी?"

"हे काय!" आणि त्यांनी वल्हं काखेत धरून दोन्ही हातांनी डावीकडची खूण करून दाखवली.

"अहो, मी पुढं बसलोय! माझ्या डोक्याला मागं डोळे आहेत का?"

साडूभाऊंचे हात तसेच हवेत राहिले. आयुष्यभर त्या गदारोळात समोरासमोर उभं राहून हातानं बोलत आलेला माणूस. पुढं तोंड करून बसलेल्याला मागचे हात दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बरं, त्या आवाजात ओरडून तरी काय उपयोग! मी हसायला लागलो. इतकं हसलो की पोटातलं नदीचं पाणी हललं. साडूभाऊ मात्र हसले नाहीत. हात खाली घेऊन पाण्याकडे बघत बसले आणि मग हळू म्हणाले, त्यांच्या मानानं हळू, "म्हणजे ती बसली असती तर तिलाही दिसलं नसतं." पोहता न येणाऱ्या मला त्यांनी बुडवलं होतं, आणि सांत्वन मात्र मला त्यांचं करावंसं वाटत होतं. पण कसं करावं ते मला सुचलं नाही, म्हणून व्याऱ्याला थांबून आम्ही भजी खाल्ली.

दिवाळीला अक्का आल्या. मला वाटलं होतं, साडूभाऊ आता होडीचं नाव काढणार नाहीत. काढलं अक्कांनीच. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चला, मला ती माझी सवत दाखवा." मुलगा, सूनबाई, नातू बाजारात गेलेले. आम्ही चौघं व्हॅनमधून निघालो. साडूभाऊंनी होडी टपावर बांधली तेव्हा मी म्हटलं, "अहो, पाणी नाहीये तिथं." ते म्हणाले, "असू दे. तिला बसून तर बघू दे कशी आहे ती."

नदी म्हणजे नुसते धोंडे. मधून एक धार, टाचा भिजतील एवढी. श्रावणात जिथं उभं राहायची छाती झाली नसती, तिथं आता एक खंड्या निवांत बसला होता. आणि काय ती शांतता! साडूभाऊ चारी बाजूंना बघायला लागले, चुकून दुसऱ्याच गावात उतरल्यासारखे. त्यांनी आणि मी होडी सासूबाईंच्या खाली, दोन सपाट दगडांवर नेऊन ठेवली. अक्कांनी लुगडं खोचलं, माझ्या बायकोचा हात धरून आत पाय टाकला आणि पुढच्या जागेवर बसल्या. बसल्या त्या उलट्या. पाठ वाटेकडे, तोंड साडूभाऊंकडे.

साडूभाऊ म्हणाले, "अगं, तिकडं तोंड कर. अशी नाही बसत कोणी."

अक्का म्हणाल्या, "मग तुमचं बोलणं कसं दिसायचं मला?"

साडूभाऊ मागे जाऊन बसले आणि वल्हं बाजूला ठेवून हातानं सुरू झाले. मुकादम दाखवला, शेठ दाखवला. अक्का योग्य तिथं घाबरत होत्या, योग्य तिथं होडीची कड धरत होत्या. माझ्या बायकोला हसू आवरेना. पण मग अक्कांचे हात सुरू झाले, आणि आमचं हसू हळूहळू थांबलं. अक्का बराच वेळ बोलत होत्या. मधेच एकदा पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागल्या. साडूभाऊंचे हात मांडीवर पडलेले. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, "काय म्हणतेय ताई?" मला काय कळणार! इतकी वर्षं त्यांच्या घरचा चहा पिऊन मी त्यातलं एक अक्षर शिकलो नव्हतो.

परत येताना बायका मागच्या सीटवर झोपल्या तेव्हा साडूभाऊंनी सांगितलं. "ती म्हणते, मुलगा-सून सकाळी जातात ते रात्री येतात. नातू तिच्याशी इंग्रजीत बोलतो. शेजारची दारं बंद. ती म्हणते, तुम्हाला निदान मिक्सर तरी लावता येतो. मी लावला तर खालचे लोक तक्रार करतात." मग म्हणाले, "मला वाटायचं, एकटा मीच आहे. तिथं सगळे आहेत, तिला काय कमी, असं वाटायचं. ती पण तितकीच एकटी आहे, साडूभाऊ. चौदाव्या मजल्यावर. बोलायला कोणी नाही तिला." मी गिअर बदलला.

पौषात साडूभाऊंनी खातं सोडलं. शेठनं शाल दिली, कामगारांनी हातानं काय काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. घरातलं सामान बांधून झालं तेव्हा मी होडीचं विचारलं. म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे. बिबडे चांगले वाळतात." उधना स्टेशनवर त्यांना गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तसे ते खिडकीतून दोन्ही हातांनी काहीतरी बोलले. मीही अंदाजानं हात हलवला.

त्यांच्या जाण्यानं सुरत काही ओस पडली नाही. पण दुकानात काउंटरवर कोपर टेकून ओरडणारं कोणी नाही म्हणून मला उगाच दुपारी झोप यायला लागली. माणूस जवळ असताना आपण त्याला वेडा म्हणतो, आणि गेल्यावर कळतं की आपला अर्धा वेळ त्या वेडातच मजेत जात होता. या श्रावणात धो धो पाऊस झाला. एका रविवारी बायकोला काही न सांगता मी व्हॅन काढली आणि त्या पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली नदी काठोकाठ. शेठ, मुकादम, सासूबाई, सगळे एकदम बोलत होते. पाण्यात कोणी नव्हतं. काठावरसुद्धा कोणी नव्हतं. एवढं सगळं कुणासाठी चाललंय, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

पुलावर थोडी रेंज येते. तेवढ्यात फोन वाजला. आवाज इतका हळू की मला आधी ओळखूच आला नाही. मी दोनदा "कोण?" म्हणून विचारलं. पुण्यात साडूभाऊंना हळू बोलायला शिकवलं होतं.

"काय म्हणता?" ते म्हणाले. "तिकडं पाऊसपाणी कसंय यंदा?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "कसला पाऊस हो! नुसती भुरभुर. नदीत म्हणे अजून धोंडे दिसताहेत."

"मग बरं झालं," ते म्हणाले. लगेच विचारलं, "तुमच्याकडं आवाज कसला येतोय?"

मी म्हटलं, "हायवेला आहे. ट्रक जातोय."

"मोठा दिसतोय."

"हो. बराच मोठा आहे."

"जाऊ दे त्याला," साडूभाऊ म्हणाले. "घाई नाही. मी थांबतो." आणि मग पलीकडून त्यांनी हाक मारली, "अगं, इकडं ये. बस इथं."

मी फोन कठड्याबाहेर धरला. हात भरून आला तसा दुसऱ्या हातात घेतला. तो ट्रक बराच वेळ जात होता.